फ्री बॉल कोणाचा

"फ्री बॉल तिनं पुकारला. अख्ख्या हॉलनं ऐकला. मग तो माझा का नाही?"

बाबालालचाचांनी मान वर केली नाही. ते टेबलाला इस्त्री करत होते.

हो, टेबलालाच. स्नूकरच्या टेबलावरची हिरवी बनात एकाच दिशेनं इस्त्री करावी लागते, नाहीतर तिची लव उभी राहते आणि बॉल भलतीकडेच पळतात. चाचांनी मिरजेच्या विजयराज क्लबात चाळीस वर्षं मार्कर म्हणून काढली. गुण मांडायचे, पंच म्हणून उभं राहायचं, नव्यांना क्यू, म्हणजे खेळायची काठी, धरायला शिकवायचं, सगळं एकट्यानं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण इस्त्रीला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला त्यांना अजून खपत नव्हता.

विचारणारा होता रणजित इंगवले. पेशानं वकील. चौदाव्या वर्षी चाचांकडे आला, आज एकोणतिशीत जिल्ह्यात पहिला. खेळ देखणा, आणि नाक त्याहून वर.

"चाचा, मी तुम्हाला विचारतोय."

"ऐकतोय की."

इस्त्री आणखी वीतभर सरकली...

गड्याचं काय बिनसलं होतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आदल्या दिवशी निवड स्पर्धेची अंतिम लढत झाली. जिंकेल तो राज्याच्या संघात. या एका जागेसाठी रणजितनं पाच वर्षं जिवाचं रान केलं होतं. समोर नागपूरचे चिटणवीस. पन्नाशीचे, थंड डोक्याचे, चेहऱ्यावरची रेषही हलू न देणारे.

शेवटच्या फ्रेममध्ये, म्हणजे डावात, रणजितनं लाल बॉलवर नेम धरला, आणि लाल चुकला. एकाही लालला न शिवता पांढरा बॉल परत आला. फाउल झाला. वर तो पांढरा जाऊन बसला ब्राऊन बॉलच्या ऐन पाठीमागे. तिथून एकही लाल सरळ दिसेना. आधी लाललाच शिवायचं हा नियम, आणि वाट तर बंद. यालाच स्नूकर होणं म्हणतात. क्लबातली माणसं नुसतं 'अडकला' म्हणतात.

फाउलनंतर पांढरा असा अडकला, की पंचानं फ्री बॉल पुकारायचा असतो. मग दुसऱ्या कुठल्याही रंगाला लाल मानून मारायची मुभा मिळते.

पंच होती केतकी माणगावे. शाळेत गणित शिकवते, आणि तीही चाचांच्याच हाताखाली तयार झालेली. तिची ही पहिलीच मोठी लढत. तिनं वाकून ब्राऊनच्या दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, फाउल, फ्री बॉल.

चिटणवीसांनी टेबलाकडे घटकाभर पाहिलं. मग ते खुर्चीत जाऊन बसले आणि म्हणाले, यांनाच परत खेळू द्या.

असंही करता येतं. समोरच्यानं फाउल करून ठेवलेली जागा आपल्याला नको असेल, तर त्यालाच पुन्हा खेळायला लावायचं. रणजितला मनातल्या मनात हसू फुटलं. आयता फ्री बॉल हातचा घालवणारा शहाणा तो पहिल्यांदाच बघत होता. त्यानं ऐटीत ब्राऊन सांगितला आणि त्याच्या काठाला असा बारीक फटका मारला, की ब्राऊन मधल्या पॉकेटात. टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबेपर्यंत केतकी गप्प उभी होती. मग ती म्हणाली, "फाउल. चार."

ते चार गुण चिटणवीसांना गेले, आणि तीन गुणांनी हरला बिचारा.

आता त्याच्या हातात टाईप केलेला कागद होता. रात्र जागून लिहिला होता आणि भाषा अर्थातच वकिली होती: 'पंच श्रीमती केतकी माणगावे यांनी नियमाविरुद्ध निर्णय दिला असून त्यामुळे माझे कायमचे नुकसान झाले आहे. सबब त्यांचे नाव पंचांच्या यादीतून वगळण्यात यावे व अंतिम फ्रेम पुन्हा खेळविण्यात यावी.'

खाली दोन सह्यांची जागा. एक त्याची, झालेली. दुसरी चाचांची. जिल्ह्याच्या पंचांच्या यादीत पहिलं नाव बाबालाल शिकलगार यांचं, आणि त्यांची सही दिसली की निवड समिती फारसा विचार करत बसत नाही, हे रणजितला पक्कं ठाऊक होतं.

चाचांनी इस्त्री उभी करून ठेवली. चष्मा पुसला. कागद वाचला... परत पहिल्यापासून वाचला.

"करतो सही. आधी तेवढी फ्रेम खेळून दाखव."

रणजित म्हणाला, वेळ कुठे आहे, समिती आजच बसणार आहे. चाचांनी तोवर बॉल मांडायला घेतले होते. ब्राऊन कुठे होता, लाल किती उरले होते, गुलाबी कुठे सरकला होता, हे त्यांनी एकेक विचारलं, आणि रणजितनं बोटभरही चूक न करता सगळं सांगितलं. हरलेला डाव माणसाला फार चांगला पाठ असतो.

पहिला शॉट चाचांनी घेतला. लाल चुकला. पांढरा परत आला आणि अलगद ब्राऊनच्या मागे जाऊन थांबला, अगदी कालच्यासारखा.

म्हाताऱ्याचा नेम चुकला, असं रणजितला वाटलं. वाटू दे.

"फाउल. फ्री बॉल," तो सवयीनं म्हणाला आणि टेबलाभोवती फिरला. कालचा तो बारीक फटका जोशात बसला होता. आज बनात ताजी इस्त्री केलेली, बॉल पळणार, ब्राऊन पॉकेटाच्या तोंडाशी आपटून परत यायची भीती. उलट चाचांचा एक डोळा मोतीबिंदूनं अधू. पांढरा टेबलाच्या कडेच्या कुशनवर आपटून लालपर्यंत पोचवणं त्यांना या जन्मी जमणार नव्हतं. खेळाडूच्या डोक्यानं हिशेब चटकन मांडला. ही चाल काल आपल्यावर कोणी खेळली होती, याचं त्याला भानही राहिलं नाही.

"तुम्हीच खेळा परत," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला.

चाचांनी क्यूच्या टोकाला खडू लावला. सावकाश वाकले.

"ब्राऊन," ते म्हणाले.

"ब्राऊन कसा? लालच मारायला लागेल तुम्हाला."

"फ्री बॉल तूच पुकारलास."

"पुकारला, पण तो माझा होता. तुमच्या फाउलनं माझी वाट बंद झाली, म्हणून मला मिळाला. मी नाही घेतला, तो संपला. तुम्ही तुमच्याच फाउलनं अडकलाय चाचा, तुम्हाला कशी..."

वाक्य तिथेच तुटलं.

रणजित उठला. टेबलाजवळ येऊन ब्राऊनच्या मागे वाकून पाहिलं. मग खुर्चीशी गेला, तिथून पाहिलं. पुन्हा टेबलाशी आला. कोर्टात उलटतपासणी फसली की तो अशाच फेऱ्या मारतो. मात्र या वेळी त्याला खरोखरच काहीतरी जाणून घ्यायचं होतं.

"टेबल तेच," तो पुटपुटला. "पांढरा तिथेच, ब्राऊन तसाच आडवा. मग इकडून आलेल्याला सुटका आणि तिकडून आलेल्याला नाही?"

"आत्ता तूच तर सांगितलंस."

त्यानं कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं. फ्री बॉलचं पान त्याला तोंडपाठ होतं, निदान अर्धं. उरलेल्या अर्ध्यात ते सरळ लिहिलेलं होतं: फाउल करणाऱ्यालाच परत खेळायला लावलं, तर पुकारलेला फ्री बॉल रद्द. अशिलाच्या सोयीचं तेवढंच वाचणाऱ्या वकिलांना तो फार हसायचा. त्याला स्वतःची शरम वाटली. केतकी काल टाळ्या संपेपर्यंत कशी उभी राहिली असेल, हेही त्याला आता कुठे सुचलं.

पण पुस्तक मिटता मिटता तो थबकला. आतून दुसराच प्रश्न वर आला होता, पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड.

या टेबलावर तो स्वतःच्या फाउलनं शेकडो वेळा अडकला होता. समोरच्यानं शेकडो वेळा त्यालाच परत खेळायला लावलं होतं. आणि दर वेळी चाचा भिंतीशी उभे राहून मऊ आवाजात म्हणाले होते, फ्री बॉल आहे, मार बाळ. एकट्या त्यालाच नव्हे, क्लबातल्या झाडून सगळ्यांना. विजयराजमध्ये जो अडकेल त्याला फ्री बॉल, अडकवलं कोणी हे विचारायची पद्धतच नव्हती. जिल्ह्याच्या लढतींतही पंच चाचाच असायचे, त्यामुळे जाणत्या मंडळींनाही नियम असाच आहे असं वाटायचं. केतकीनं पुण्याला जाऊन पंचांची परीक्षा दिली, तिला तेवढं तिथे समजलं असावं.

"चाचा... तुम्हाला नियम माहीत होता?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग पंधरा वर्षं मला का देत होता?"

चाचांनी क्यू टेबलाला टेकवून ठेवला. ते बनातीवरून हात फिरवत राहिले, लव बसली आहे की नाही ते बघत असल्यासारखे.

"अडकलास की तुझा चेहरा पडायचा," ते म्हणाले. "मला बघवायचं नाही."

रणजितला भयंकर राग आला. त्याच क्षणी या माणसाच्या पाया पडावंसंही वाटलं. दोन्हींपैकी एकही त्याला जमेना. आपलं घोडं नेमकं कुठे अडलं होतं ते कळलं होतं, आणि ते कळून राज्याच्या संघातली जागा काही परत येणार नव्हती. त्यानं टेबलाच्या कडेवरचा तक्रारीचा कागद उचलला आणि फाडायला म्हणून दोन्ही हातांत धरला.

चाचांनी त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्याची पकड अजून चांगलीच घट्ट होती.

"सही करतो म्हणालोय ना मी."

"आता कशाला, चाचा? तिचं काही चुकलं नाही."

"पेन दे."

त्यानं दिलं. चाचा टेबलावर नाही वाकले, बनातीवर शाई सांडेल म्हणून भिंतीला कागद लावून उभ्या उभ्या लिहू लागले. वरचे काही शब्द खोडले. शेवटचेही काही खोडले. शाळकरी पोरासारखं अक्षर जुळवत वर काहीतरी लिहिलं. मग खाली सही ठोकली आणि कागद त्याच्या हातात ठेवला.

रणजितनं वाचलं. श्रीमती केतकी माणगावे हे नाव नीट आडवी रेघ मारून काढलं होतं. त्या जागी लिहिलं होतं: बाबालाल शिकलगार. फ्रेम पुन्हा खेळवायची मागणीही खोडली होती, बाकी सगळं तसंच होतं. नियमाविरुद्ध निर्णय, कायमचे नुकसान, नाव यादीतून वगळण्यात यावे...

त्यानं वर पाहिलं.

"बाकी मजकूर बरोबर आहे," चाचा म्हणाले. "जा, देऊन ये."