चालू/बंद घाट

वाघुर्ड्याच्या महाराजांनी हुकूम काढला, ‘वाड्यामागचा घाट चालू/बंद ठेवावा’, आणि येसू परटिणीचं पोट दोन शब्दांमधल्या तिरक्या रेघेत अडकलं.

ही रेघ महाराज एका मोजणीदार साहेबाकडून शिकले होते. साहेब तिने तारखेतला दिवस महिन्यापासून तोडी, सर्व्हे नंबराचे पोटहिस्से पाडी, पाऊण लिहायचं तर तीन आणि चारच्या मध्ये तिला उभी करी. त्याच्याकडे रेघेला काम होतं. महाराजांना तिच्यात काम टाळायची सोय दिसली. छापील अर्जाखाली ‘नको ते खोडावे’ अशी सूचना असते, तेवढी त्यांनी गाळली. तेव्हापासून संस्थानात प्रत्येक गोष्ट मंजूर/नामंजूर होऊ लागली. तलाव फुटला तेव्हा महाराज म्हणाले की, बांध दुरुस्त करावा असं आम्ही लिहिलंच होतं. ते खरंच होतं. रेघेपलीकडे ‘करू नये’ हेही लिहिलं होतं, पण त्याची आठवण करून देण्याइतका मूर्ख दरबारात कोणी नव्हता.

घाटाचा हुकूम कारभारी दाजीसाहेबांच्या हाती पडला. त्यांना तिथे मेहुण्यासाठी बाग करायची होती. त्यांनी रेघेपलीकडचा तेवढा शब्द वाचला आणि घाटावर काट्यांचं कुंपण घातलं. दुसरं पाणी दोन कोसांवर. येसू दरबारात गेली आणि घाट नक्की चालू की बंद, असं विचारती झाली.

इतका सरळ प्रश्न महाराजांना आवडला नाही. “हुकमात दोन्ही आहे. आठ दिवस तो जसाच्या तसा पाळून दाखव, घाट कायमचा तुझा. एक शब्द जरी मोडलास, तर गाढवांसकट वेशीबाहेर!”

दरबार हसला. महाराज हसले की हसायची तिथे रीतच होती. येसूने एवढंच विचारून घेतलं की, ‘बंद’ जितका पाळायचा तितकाच ‘चालू’ही ना? महाराजांनी मान डोलावली. त्या दिवसापासून दाजीसाहेबांना कुंपण सकाळी काढावं आणि दुपारी घालावं लागू लागलं.

आठव्या दिवशी दसरा होता. शेजारच्या संस्थानचे पाहुणे सदरेवर बसले होते, हत्ती सजत होता. येसूने वाड्यातून धुवायला आलेला महाराजांचा मानाचा पांढरा अंगरखा आणून सर्वांसमोर उलगडला. उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत एक तिरकी हद्द पडली होती. हद्दीच्या वर अंगरखा बगळ्यासारखा शुभ्र. खाली गेल्या दसऱ्याचा विडा, आमटी आणि हत्तीचं तेल जिथल्या तिथे.

“हे काय आहे?” महाराजांनी विचारलं.

“आपला हुकूम, महाराज. घाट चालू होता तेव्हा वरचं धुतलं. बंद झाला, खालचं राहिलं.”

चालू असतानाच सगळा धुवायला काय झालं होतं, असं दाजीसाहेब खेकसले.

“मग ‘बंद’च्या वाट्याला काय राहिलं असतं, दाजीसाहेब? एका शब्दाचा मान ठेवायचा, दुसऱ्याचा मोडायचा, आणि गाढवं हाकत वेशीबाहेर जायचं मी.”

पाहुणे तोंडाला शेले लावू लागले. महाराजांनी हलक्या आवाजात विचारलं की, आता सीमोल्लंघनाला काय घालून जायचं?

“ते संध्याकाळी आहे, महाराज. ऊन कडक आहे.” येसूने हुकमाचा कागद पुढे धरला. “नको तो शब्द आपण खोडा. राहील तसा अंगरखा मी करून आणते.”

महाराजांनी अंगरख्याकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं, बोरू उचलला आणि कारकिर्दीत पहिल्यांदाच एक शब्द खोडला. ‘बंद’. खोडून झाल्यावर त्यांना आपल्याच अंगरख्याचं असं हसू लोटलं की बाहेर हत्ती दचकला. कुंपण दाजीसाहेबांनी आपल्या हातांनी उपटावं, असंही त्यांनी तोंडी सांगितलं. तोंडी सांगताना रेघ घालता येत नाही.

बक्षीस लिहिताना मात्र हात जुन्या वळणावर गेला. ‘येसू परटिणीस साडी/चोळी द्यावी.’ दाजीसाहेब तत्परतेने ‘साडी’ खोडायला पुढे सरसावले.

“असू द्या, महाराज,” येसू म्हणाली. “हुकूम आहे तसाच पाळते. दोन्ही नेते.”