मामाची ओटी

रविवार, १२ मे. रात्री शिडकावा झाला. सकाळपासून आभाळ स्वच्छ, समुद्राकडून गार वारा.

मॉरिशस बेटावर उसाच्या मळ्यांमागे कातळवाडी नावाची मराठी वस्ती आहे. तिथल्या लग्नात पाहुण्यांची नजर एका ठिकाणी अडकते. नवरीला बोहल्यावर आणणारा मामा आफ्रिकी वंशाचा असतो. व्याही त्याला फेटा बांधतात, आणि लग्न लागले की नवरीची आई चक्क त्याची ओटी भरते. पुरुषाची ओटी! कोकणातून आलेले पाहुणे हसू दाबतात. मग वस्तीतले परशुराम आजोबा त्यांना मांडवाच्या कडेला बसवून घेतात आणि हकीकत सांगतात, ती अशी.

बेटावरची गुलामी कायद्याने संपून थोडीच वर्षे झाली होती. सुटलेले गुलाम मळे सोडून किनाऱ्याकडे निघून गेले. ज्या साखरेला आपल्याकडे ‘मोरस’ म्हणत ती पिकवायला त्यांच्या जागी कोकणातली माणसे करारावर आणली. झोपड्या त्याच, घंटा तीच, चाबूकही म्हणे तोच.

सगुणाचा नवरा पहिल्याच तोडणीत तापाने गेला. मागे राहिली ती आणि लेक आवडी. तिच्या झोपडीसमोर अधूनमधून एक कोळी येऊन मुकाट उभा राहायचा. त्याचे नाव लिंडोर. तोही या मळ्यावर गुलाम होता. याच झोपडीतून त्याच्या बहिणीला मालकाने विकले होते आणि ती पुढे कुठे गेली ते कुणालाच ठाऊक नव्हते. हे कळले त्या दिवशी सगुणाने त्याला उंबऱ्याशी बसवून पेज वाढली. तेव्हापासून तो येताना मासळी आणू लागला.

आवडी मोठी झाली. सगुणाच्याच जहाजातून आलेला राघोजी आता मजुरांचा मुकादम होता. त्याच्या मुलाशी, भागोजीशी तिचे लग्न ठरले. मळ्याच्या साहेबाने ते अडवले.

“बाप नाही, भाऊ नाही. जिच्यामागे पुरुष नाही ती मळ्याच्या ताब्यात. रविवारपासून ती बंगल्यावर राहील.”

बंगल्यावर गेलेली पोर मान वर करून परतलेली सगुणाने पाहिली नव्हती. तिच्या तोंडून निघून गेले, “तिला मामा आहे!”

“मग रविवारी आण त्याला.”

सगुणा तडक किनाऱ्यावर गेली. तोपर्यंत बेटाची बोली तिला मोडकीतोडकी येऊ लागली होती. “लिंडोर, माझ्या पोरीचा मामा होशील?”

लिंडोरने हातातले जाळे टाकले आणि पोट धरून हसत सुटला. त्या बोलीत मामा म्हणजे आई. “बाई गं, मला दाढी आहे! आई तर तूच आहेस की.”

“अरे, आमच्यात मामा म्हणजे आईचा भाऊ.”

त्याचे हसू थांबले. “भाऊ होय,” तो म्हणाला. “ते काम मला येतं.”

राघोजीला हे पटेना. “सगुणे, आज याला भाऊ म्हणतेस, उद्या ताडाला दीर म्हणशील!”

“राघूभावजी, जहाजात चढताना मी तुमची कोण होते? मग उतरताना वहिनी कशी झाले?”

राघोजी मुंडासे सावरत निघून गेला.

रविवारी सारी वस्ती बंगल्यासमोर जमली. धुतलेला सदरा घालून लिंडोर आवडीच्या मागे उभा राहिला. साहेब हसला. “मामा? हा हबशी हिची आई?”

“आई म्हणा, मामा म्हणा. मी हिच्यामागे उभा आहे.”

“रक्ताचा आहेस का?”

“माझी रक्ताची बहीण विकलीत तेव्हा रक्त विचारलं नव्हतंत. आता मी बहीण जोडली, तर विचारता?”

साहेबाचा चेहरा उतरला. तो राघोजीकडे वळला. “मुकादम, तू सांग. हा या बाईचा भाऊ आहे?”

हो म्हटले तर खोटे बोलला म्हणून मुकादमी जाणार आणि पाठ सोलून निघणार, हे राघोजीला पुरते ठाऊक होते. राघोजीने डोक्याचे मुंडासे सोडले, पुढे जाऊन ते लिंडोरच्या डोक्याला बांधले आणि साहेबाकडे वळला.

“आमचे व्याही उघड्या डोक्यानं उभे राहत नाहीत, साहेब.”

कुणी हलले नाही. तोडणी तोंडावर आली होती आणि राघोजीच्या शब्दाशिवाय एक कोयता चालत नसे, असे सांगतात. साहेब उठून आत गेला.

लग्न त्याच दिवशी लागले. लिंडोरने आवडीला हात धरून अंतरपाटाशी आणले. अक्षता पडल्यावर सगुणा तांदूळ आणि नारळ घेऊन त्याच्यासमोर आली.

“आमच्या बोलीत तू मामा, तुमच्या बोलीत आई. दोन्ही मान घे.”

लिंडोरने सदऱ्याचा घोळ पुढे केला.

आजही कातळवाडीच्या लग्नपत्रिकेत मामा म्हणून लिंडोरच्या घराण्यातलेच नाव छापतात. आजच्या लग्नात ते नाव फ्रान्स्वा लिंडोर असे होते. तो बंदरावर होड्यांची इंजिने दुरुस्त करतो. फेटा राघोजीच्या वंशातल्या माणसाने बांधला. ओटीत तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी आणि हिरवा खण होता. लग्न दुपारी बाराला लागले.