कमानीखालचा सांगाडा

धुक्यात अर्धं बुडालेलं एक गाव होतं. तिथे सकाळी नदी दिसायच्या आधी ऐकू यायची. त्या गावात मलकू नावाचा एक पाथरवट राहायचा. त्याच्यासारखी दगडी कमान बांधणारा आसपास कुणी नव्हता, आणि हे त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं.

कमान बांधायची रीत अशी. आधी लाकडाचा सांगाडा उभा करायचा. त्याच्या पाठीवर दगड रचायचे, सांध्यांत चुना भरायचा. चुना वाळून दगड एकमेकांना धरू लागले, की सांगाड्याखालच्या पाचरी थोड्या थोड्या सैल करायच्या. आणि शेवटची पाचर निघताना बांधणाऱ्याने स्वतः कमानीखाली उभं राहायचं, अशी त्या गावची जुनी चाल होती. कमान पडलीच, तर आधी त्याच्या डोक्यावर.

नदीवर पूल बांधायचं काम निघालं, त्याच वर्षी मलकूच्या मनात धुकं शिरलं. बाहेरचं धुकं उन्हं आली की विरायचं, हे विरेना. हातोडी उचलवेना. भाकरीला चव लागेना. त्याची बायको हौसा शेजारी बसून बोलायची, आणि त्याला वाटायचं, पलीकडच्या काठावरून कुणीतरी बोलतंय. कारण विचारावं तर कारण काहीच नव्हतं.

हौसाने त्याला शेजारगावच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि गोळ्या लिहून दिल्या. म्हणाल्या, "मलकूदादा, हा आजार आहे, तुमचा दोष नाही. रोज एक गोळी घ्या. गुण यायला काही आठवडे लागतील. आपल्या मनाने वाढवू नका आणि आपल्या मनाने बंद करू नका. बंद करायची वेळ येईल तेव्हा मिळून हळूहळू करू."

मलकूने मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

चार दिवसांत फरक पडेना म्हणून तो दोन दोन गोळ्या गिळू लागला. झोप उडाली, रात्रभर तो अंगणात येरझाऱ्या घालू लागला. चुना वाळायची वाट न पाहणाऱ्या गवंड्यांना त्याने आयुष्यभर शिव्या घातल्या होत्या, पण स्वतःच्या मनाला तो चुन्याइतकाही वेळ देईना. शेवटी हौसाने गोळ्या फडताळात ठेवल्या आणि रोज सकाळी त्याच्या हातावर एकच ठेवू लागली.

मग एके दिवशी जेवताना मलकू म्हणाला, "आमटीत मीठ कमी हाय."

हौसाला इतका आनंद झाला, की ती मीठ वाढायचंच विसरली.

धुकं विरलं होतं. नदीवर कमान चढू लागली. पहाटे ती अधांतरी तरंगताना दिसायची, आणि गावातली म्हातारी माणसं तिच्याकडे बघत चहा प्यायची. पण कमानीखाली उभं राहायचा दिवस जवळ येऊ लागला, तसं मलकूच्या डोक्यात एक खूळ शिरलं. ज्याला स्वतःला गोळीचा टेकू लागतो, तो कमानीखाली काय उभा राहणार? त्याला स्वतःची लाज वाटली. त्या दिवसापासून तो हातावरची गोळी मुठीत लपवून न्यायचा आणि नदीत टाकायचा. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. सगळं एकदम बंद.

थोड्याच दिवसांत पायाखालची जमीन होडीसारखी हलू लागली. मान वळवली की डोक्यात वीज चमकून जायची. साध्या बोलण्यावर तो खेकसायचा. डोळा लागला की स्वप्नं अशी दाटून यायची, की जागा झाल्यावरही दगड कापसासारखे हवेत तरंगताना दिसायचे. एका दुपारी झाडाखाली त्याला स्वप्न पडलं. आपणच कमान झालो आहोत. हात या काठावर, पाय त्या काठावर, पाठीवरून गाव चाललंय. खाली पाण्यात उभं राहून कुणीतरी पाचरी ठोकून काढतंय, भराभर, सगळ्या. मलकूने हाक मारली. त्या माणसाने वर पाहिलं. तो मलकूच होता.

तो दचकून उठला आणि तडक नदीवर गेला.

"आजच्या आज सगळ्या पाचरी काढा," तो गड्यांना म्हणाला.

"मिस्त्री, सांधं अजून वलं हायेत," एक जण चाचरत बोलला.

"म्या सांगतोय न्हवं?"

गडी पाचरींपाशी घुटमळले, आणि मलकू कमानीखाली जाऊन उभा राहिला. तो ठरलेला दिवस येईपर्यंत आपण टिकणार नाही, याची त्याला भीती वाटत होती. खरं सांगायचं तर त्या घडीला कमान अंगावर पडली असती, तरी त्याची हरकत नव्हती. इतका तो खचला होता.

हौसा भाकरी घेऊन येत होती. तिने टोपली काठावर ठेवली, पदर खोचला, आणि त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"तू बाजूला हो," मलकू म्हणाला.

"का? कमान पक्की हाय न्हवं?"

मलकूने हात वर करून सांध्याला बोट लावलं. बोट ओलं झालं. त्याने ते धोतराला पुसलं.

"न्हाई," तो म्हणाला. "अजून न्हाई. हौसे, म्या गोळ्या नदीत टाकल्या."

"मग चला बाईंकडं," हौसा म्हणाली.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी औषध पुन्हा सुरू केलं. म्हणाल्या, "शरीराला सवय झालेली असते. आधार एकदम काढला की ते डगमगतं. त्यात कमीपणा कसला?"

सांधे पुरते वाळल्यावर कमानीच्या पाचरी हळूहळू सैल झाल्या. शेवटची निघाली तेव्हा मलकू खाली उभा होता. कमान केसभर खाली बसली, थोडा चुना त्याच्या डोक्यावर सांडला, आणि ती तशीच उभी राहिली.

"मिस्त्री, भ्या न्हाई वाटलं?" गड्याने विचारलं.

"वाटलं की. पर सकाळची गोळी घिऊन आलोय," मलकू सगळ्यांदेखत म्हणाला.

त्याच्या गोळ्या बऱ्याच उशिरा सुटल्या, बाईंच्या सांगण्याप्रमाणे थोड्या थोड्या कमी करत. मध्ये एकदा चक्कर आली तेव्हा बाईंनी कमी करणं थांबवलं, आणि बरं वाटल्यावर पुढे नेलं. सांगाड्याचं लाकूड मात्र मलकूने चुलीत जाऊ दिलं नाही. ते त्याने पडवीत नीट रचून ठेवलं. धुकं असलं की तो त्यावर बसून चहा पितो.

तात्पर्य: मनाच्या आजारावरचं औषध म्हणजे मन सावरेपर्यंतचा आधार, घाईने तो वाढवू नये, लाजेने एकदम काढू नये, डॉक्टरांना विचारून हळूहळूच सैल करावा.