हसुबाबांचे ओले पाय

फार वर्षांपूर्वी, बेटावर विजेचा दिवा अजून यायचा होता तेव्हाची ही गोष्ट. मधे बोलायचं नाही. शंका असतील त्या पोटात ठेवायच्या.

आपल्या कांदळबेटाला तेव्हा धक्का नव्हता. भरतीला होडी पार वडाखाली लागायची, पण ओहोटी लागली की किनारा आणि पाणी यांच्यामधे मांडीभर चिखल. हसुराम तांडेल तेव्हा पलटणीत हवालदार होता, दूर बर्फात. इकडे त्याची बायको यसू अडली. तालुक्याला न्यायला हवं होतं, आणि नेमकी ओहोटी. गडीमाणसं दर्यावर. बायांनीच तिला झोळीत घालून उचललं, पण अर्ध्या वाटेत सगळ्यांचे पाय रुतले. पाणी यायच्या आत यसू गेली. बाळही गेलं.

हसुराम सुट्टी काढून आला तो घरी न जाता थेट चिखलात उतरला आणि ती गेली तिथे उभा राहिला. असं म्हणतात, त्या दिवसापासून त्याचे पाय कधी सुकले नाहीत. पुसा, उन्हात धरा, चुलीपुढे बसवा, पावलं ओली ती ओलीच.

नोकरी संपवून आल्यावर त्याने एकच काम धरलं. लढाईत जखमी गडी पाठीवर आणायची त्याला सवय. तसाच तो ओहोटीला अडलेल्या बाया, तापाने फणफणलेली पोरं, थकलेले म्हातारे पाठीवर घेऊन होडीपर्यंत न्यायचा. असं म्हणतात, त्याच्या पाठीवर बसलेलं माणूस कधी दगावलं नाही. मग निवडणूक आली. त्याने कुणालाच उचललं नाही असं घर बेटावर नव्हतं, नि त्याची कीर्ती पलीकडच्या गावांतही गेलेली. आमदार झाला. व्हायचाच!

विधानसभेत त्याने धक्का मागितला. तिथल्या गालिच्यावर त्याची ओली पावलं उमटायची, शिपाई पुसून पुसून थकायचे. मंत्री बेट बघायला यायचेही. पण आपली माणसं कशी? पाहुण्याचे पाय मळू नयेत म्हणून भरतीची वेळ बघूनच बोलवायची. मंत्री वडाखाली ऐटीत उतरायचे, शहाळं प्यायचे आणि म्हणायचे, पाणी तर दारात आहे, धक्का कशाला? आता बोला. पाहुणचार करता करता आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेत होतो.

हे ध्यानात आलं तेव्हा हसुरामाने मंत्र्यांना भर ओहोटीला बोलावलं. गावातल्या म्हाताऱ्या खवळल्या. पाहुण्याला चिखलात घालणार का, म्हणून त्याला वाट्टेल ते बोलल्या. तो बधला नाही. लाँच लांबच थांबली. हसुराम वाकला, साहेब पाठीवर बसले. साहेब चांगले भारदस्त होते. अर्ध्या वाटेत हसुराम थांबला.

"साहेब, माझी यसू इथपर्यंत आली होती," तो म्हणाला.

मंत्र्यांनी वाकून खालच्या चिखलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मला खाली उतरवा."

उरलेला चिखल ते स्वतः तुडवत आले. एक बूट चिखलाने ठेवून घेतला. त्यात खेकड्यांचं घराणं नांदतंय म्हणतात, ते मात्र मी पाहिलेलं नाही.

धक्का झाला. फीत कापायला मंडळी जमली तर हसुराम म्हणाला, थांबा, ओहोटी लागू दे. ओहोटी लागली आणि सुतारांची भागू, कळा सुरू झालेली, पायांत चपला घालून सगळा धक्का चालत गेली. फीत तिच्याच पोटाला लागून तुटली. तिची होडी सुटली तेव्हा कुणीतरी हसुरामाच्या पायांकडे बघितलं. पावलं खडखडीत कोरडी होती. म्हातारा तिथेच बसून ओक्साबोक्शी रडला, आणि खरं सांगते, त्याला रडताना बघून सगळ्यांना बरं वाटलं.

आजही बेटावरची बाई बाळंत होऊन परतते ती ओहोटीलाच. भरती असेल तर पलीकडे खोळंबून राहते. यसू गेली तिथे, धक्क्याच्या मध्यावर, ती थांबते. बाळाचे तळवे खालच्या चिखलाकडे धरते आणि सांगते, "हसुबाबा, दोघांचेही पाय कोरडे आहेत हो."