न हलणारा आकडा

एका गावात एक दूध डेअरी होती, आणि त्या डेअरीत एक आकडा होता. तो काही केल्या स्वस्थ बसत नसे.

डेअरीच्या मागच्या खोलीत छोटीशी प्रयोगशाळा होती. प्रयोगशाळा कसली, दोन टेबलं, एक फ्रीज आणि विरजण वाढवायची गरम पाण्याची टाकी. पण सगळ्या गावाचं दही त्या टाकीच्या जिवावर होतं. पाणी त्रेचाळीस अंशांवर राहिलं तर दही असं लागायचं, की वाटी उपडी केली तरी हलू नये. ते काम एका कंट्रोलरकडे होतं. पाण्यात बुडवलेल्या सेन्सरवरून तो तापमान मोजायचा, हीटर चालू-बंद करायचा आणि आकडा समोर दाखवायचा.

हे सगळं सांभाळायच्या हेमलताबाई पाटणे. कामाला चोख बाई. खोड एकच, आपल्या कामात कुणी खोट काढलेली त्यांना खपत नसे. आणि तो आकडा तर सारखा हलायचा. घडीत त्रेचाळीसच्या वर, घडीत खाली. थोडासाच, पण हलायचा. पाहुणे डेअरी बघायला आले की हटकून विचारायचे, हा असा का नाचतोय? चेअरमन दादासाहेब ओशाळं हसायचे आणि बाई मनातल्या मनात जळायच्या.

एके दिवशी बाई कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये शिरल्या. तिथे त्यांना एक सोय सापडली. यंत्राने प्रत्येक मोजणी जशीच्या तशी न घेता मागच्या अनेक मोजण्यांची सरासरी घ्यायची. सोय वाईट नव्हती, आमटीतल्या मिठासारखी चिमूटभर वापरायची होती. बाईंनी ओंजळभर टाकलं. सरासरी जितकी लांबवता येईल तितकी लांबवली, आणि वर दशांशचिन्हापुढचा अंकही झाकून टाकला. आता त्रेचाळीसचा आकडा भिंतीवरच्या तसबिरीसारखा गप्प बसला. दादासाहेब खूश झाले. पुढच्या पाहुण्यांना त्यांनी हाताला धरून तो आकडा दाखवला, आणि बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

थोड्याच दिवसांत दही बिघडू लागलं. आज आंबटढाण, तर उद्या ताकासारखं पातळ. बाईंनी आकडा पाहिला, तो त्रेचाळीस. तापमान भलतीकडे गेलं की ओरडणारा अलार्म होता, तोही गप्प. म्हणजे आपल्याकडे सगळं ठीक, खोट दुधात. सगळ्यात लांबून आणि सगळ्यात उशिरा येणारं दूध माळवाडीचं. मग ठपका कुणावर येणार? चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. बाईंनी सही केली आणि माळवाडीचं दूध बंद झालं. सकाळी दूध घालायला आलेल्या रांगेसमोर मोठ्याने सांगण्यात आलं, की माळवाडीच्या बाया भांडी नीट धूत नाहीत.

दुसऱ्याच दिवशी माळवाडीची गजराबाई दुधाची किटली घेऊन डेअरीत आली. वाडीचं पोट दुधावर होतं. दूध घेत नसतील तर येत्या बाजारात म्हशी विकायच्या, असं घराघरांत ठरत होतं. ती भांडायला आली नव्हती. दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "म्याडम, माझ्या म्होरं ह्या दुधाला विरजण लावा. नासलं तर परत तोंड दावायची न्हाई."

बाईंना वाटलं, बरं झालं, एकदाचा सोक्षमोक्ष लागेल. त्यांनी थोडं दूध काचेच्या भांड्यात घेतलं, उरलेलं फ्रीजमध्ये ठेवलं, विरजण लावलं आणि भांडं टाकीत ठेवलं. गजराबाईला बाहेर थांबायला सांगितलं. पुढे कुणी शंका काढू नये म्हणून पाण्यात एक साधा काचेचा थर्मामीटरही सोडला.

थोड्या वेळाने पाहतात तो समोर आकडा त्रेचाळीस आणि काचेत पारा सत्तेचाळीसवर. थर्मामीटर बिघडला असेल म्हणून त्यांनी दुसरा आणला. त्यातही पारा तिथेच. मग दोन्ही पारे हळूहळू उतरत चाळिसाच्या खाली गेले. आकडा जागचा हलला नाही.

बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सरासरी काढण्याच्या नादात यंत्राला पाणी तापल्याचं कळायलाच उशीर होत होता. तोवर हीटर चालूच राही. मग गार झाल्याचंही उशिरा कळे. पाणी वरखाली हेलकावत होतं, आणि वरच्या-खालच्याची सरासरी मात्र नेमकी त्रेचाळीस येत होती. अलार्मही त्या सरासरीकडेच डोळे लावून बसला होता.

म्हणजे माळवाडीचं दूध चांगलंच होतं. मग मनात दुसरा विचार आला. दोन-चार बटणं दाबली की काम झालं. सेटिंग पूर्ववत करायचं, आजचं दूध चांगलं निघालं म्हणायचं आणि वाडीचं दूध सुरू करायचं. म्हशी वाचतील, आपली अब्रूही वाचेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. यात कुणाचं काय बिघडणार होतं?

त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. गजराबाई नळापाशी बसून रिकामी किटली नारळाच्या शेंडीने घासत होती. किटली आधीच लख्ख होती. तरी ती आत हात घालून घालून घासत होती, विसळत होती, नाकाशी नेऊन वास घेत होती. आपलंच कुठेतरी चुकलं असेल, असं तिला वाटू लागलं होतं. ते पाहून बाईंना रडू आलं.

त्यांनी तिला आत बोलावलं. आकडा दाखवला, पारा दाखवला. "गजराबाई, तुमच्या दुधात काही खोट नाही," त्या म्हणाल्या. "खोट माझ्या कामात होती. मला न हलणारा आकडा हवा होता."

तिच्यासमोरच त्यांनी सेटिंग बदललं. सरासरी थोडक्या मोजण्यांची ठेवली, झाकलेला अंक उघडा केला, अलार्म प्रत्यक्ष मोजणीला जोडला. आकडा पुन्हा थरथरू लागला. पाणी मात्र जागेवर आलं. मग बाईंनी फ्रीजमधल्या उरलेल्या दुधाला विरजण लावलं, आणि दही अगदी घट्ट लागलं.

दादासाहेबांना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. आता सगळं नीट झालं आहे, तर उगाच बोभाटा कशाला, डेअरीचं नाव जाईल, असं ते समजावू लागले. बाई म्हणाल्या, "वाडीचं नाव रांगेत गेलंय, दादासाहेब. ते रांगेतच परत यायला हवं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई रांगेसमोर उभ्या राहिल्या आणि झालं ते सगळं सांगितलं. एक अक्षरही गाळलं नाही. थोडी कुजबुज झाली. मग दादासाहेब पुढे आले, बाईंच्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले की त्या आकड्याचं कौतुक मीच केलं होतं. माळवाडीचं दूध त्याच वेळी घेतलं गेलं.

गजराबाईने पदराने तोंड पुसलं. "बरं झालं सांगितलंसा, म्याडम," ती म्हणाली. "परवा सगळा राग म्या म्हशीवर काढला. आता घरी जाऊन आदी तिची माफी मागाया पायजे."

सगळी रांग हसली. हेमलताबाईही हसल्या, आणि कितीतरी दिवसांनी त्यांना मोकळं वाटलं.

तात्पर्य: आपण झाकलेली चूक दुसऱ्याच्या अंगावर जाऊन पडते, म्हणून ती दिसू द्यावी, आणि चारचौघांत केलेला आरोप चारचौघांतच मागे घ्यावा.