शेवटचे दोन खडे

वस्तू एकमेकींशी मनमोकळं बोलत, त्या काळी एका शाळेच्या अंगणात बांबूची काठी रोवलेली होती. दर सोमवारी बाराची घंटा झाली की मुलं धावत येत आणि तिच्या सावलीच्या टोकावर खडा ठेवत. सावली कधी लांबे, कधी आखडे, जराशी बाजूलाही सरके. सूर्य वर्षभर कसा सरकतो, ते मुलांना पायाशी दिसू लागलं होतं. खड्यांचं वेटोळं पुरं व्हायला दोनच खडे उरले होते.

तेवढ्यात सोमवारी साहेब तपासणीला येणार अशी वर्दी आली. खराट्यानं अंगण लख्ख केलं आणि सगळे खडे कुंपणापार लोटले.

"अरे, ते मुलांचं अख्खं वर्ष होतं!" काठी कळवळली.

"मला तर नुसते दगडच दिसले," खराटा ओशाळून म्हणाला.

काठीलाही उपटून भिंतीवरचा तक्ता दाखवायला वर्गात नेलं. सोमवारी साहेबांनी विचारलं, "सूर्य कुठाय?" छोट्या सुभद्रेनं काठी उचलली आणि तक्त्यावरच्या पिवळ्या गोळ्यावर टेकवली.

"शाब्बास!" साहेब म्हणाले.

बाहेर बाराची घंटा झाली. काठीनं सवयीनं खाली पाहिलं. फरशीवर सावली नव्हती. सुभद्राही तिथंच बघत होती, आणि तिच्या दुसऱ्या मुठीत त्या सोमवारचा खडा होता.