अडतीस फॉलोअर

ऑनलाइन विक्रीचे धडे देणारे पराग सर चिपळूणच्या वर्गात शिरले, तर सगळ्या बायकांचा घोळका नलूताईंभोवती! गावातल्या एकट्या बायकांकडून गोधड्या शिवून घेऊन विकणाऱ्या या बाईंपुढे सरांना साधा नमस्कारही मिळेना. त्यांच्या पोटात दुखायला लागलं.

“ताई, तुमचे फॉलोअर किती?” त्यांनी मुद्दाम माइकवरून विचारलं.

“अडतीस.”

“माझे दोन लाख! अडतिसांत काय होतंय?”

नलूताई वर्गाकडे वळल्या. “सरांची जाहिरात बघून कोण आलंय?”

एकही हात हलला नाही.

“आणि ‘चला गं, शिकून घेऊ’ ही माझी पोस्ट वाचून?”

अडतीस हात वर झाले.

सर खाली मान घालून मोबाईल चाळू लागले. इतक्यात नलूताईंचा फोन वाजला. त्यांनी बघितलं आणि हसून म्हणाल्या, “या सर, तुम्ही एकोणचाळिसावे.”